पाचांतलं एक

फौजीला घाम फोडायला शत्रूची गरज नव्हती. बायकोचा एक साधा प्रश्न पुरेसा होता. "पण तुम्हाला काय आवडतं?"

हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला तेव्हा तो बूट पुसत बसला होता. त्याचा हात जागच्या जागी थांबला. आवडतं? म्हणजे नेमकं काय? वीसेक वर्षं तो फौजेच्या संदेश केंद्रात होता. आलेला संदेश घ्यायचा, पुढे पाठवायचा, संगणक, तारा आणि सांकेतिक आकडे डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे. बाकी सगळं वरून यायचं. उठायचं कधी, जेवायचं कधी, केस किती बारीक ठेवायचे, बदली कुठे, सगळं. बायकोसुद्धा आत्याने निवडली होती, आणि साहेबांनी सुट्टी ज्या आठवड्यात दिली त्या आठवड्यात लग्न झालं होतं. संसार उत्तम चालला, हा भाग वेगळा. पण त्यात याचं कर्तृत्व शून्य, हे तोही मान्य करत असे.

आणि आता सेवा संपायला आली, तर त्याच फौजेने जाता जाता फर्मान काढलं, की बाबा रे, आता तुझं तू निवड. हा काय न्याय झाला?

त्याचं असं होतं. सेवेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी छावणीत एक पुनर्वसन कचेरी होती. बाहेरच्या जगात पोट भरता यावं म्हणून ती कोर्स देत असे. फौजीच्या वाट्याला सायबर सुरक्षेचा कोर्स आला. इथपर्यंत झकास. पण त्या कोर्सच्या पाच शाखा निघाल्या. पाचांतली एक घ्यायची आणि एकदा घेतली की बदलायची नाही. शाखांची नावं फळ्यावर लांबलचक इंग्रजीत होती. पण छावणीत सगळ्यांनी त्यांचं सोपं भाषांतर करून ठेवलं होतं. हल्ला, म्हणजे मालकाच्या परवानगीने त्याच्याच यंत्रणेत घुसून भोकं दाखवायची. पहारा, म्हणजे पडद्यासमोर बसून कोणी घुसतंय का बघत राहायचं. तपास, म्हणजे चोरी झाल्यावर माग काढायचा. कागद, म्हणजे लोक नियम पाळतात की नाही हे कागदपत्रं मागून विचारायचं. आणि धावपळ, म्हणजे सगळं कोसळलेलं असताना जाऊन आधी ते उभं करायचं.

कचेरीतला कारकून डोळे मिटून बोलणारा माणूस होता. "शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत. स्वतः येऊन सांगायचं. फोनवर चालत नाही," तो म्हणाला.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर जिथे जागा रिकामी असेल तिथे टाकतो."

"जागा कुठे रिकामी आहे?"

कारकुनाने डोळे उघडले. "फाटकावरचा पहारेकरी. तो कोर्स कधीच भरत नाही."

झालं. त्या दिवसापासून फौजीची झोप उडाली. डोळे मिटले की त्याला एक भलंमोठं दुकान दिसायचं. त्याच्या दारात तो स्वतः उभा, अंगावर दुसऱ्याच्या मापाचा गणवेश, आणि गाडीतून उतरणारं कालचं पोरगं त्याला म्हणतंय, "ए, दार उघड." हे 'ए' त्याच्या काळजात घुसायचं. त्या कामात कमीपणा नाही, हे तो स्वतःला दहादा समजावत असे, आणि अकराव्यांदा पुन्हा घाबरत असे. खरी भीती गणवेशाची नव्हतीच. आपल्याला एक साधी गोष्ट निवडता आली नाही म्हणून आपण तिथे उभे आहोत, हे बायकोला कळेल, ही होती.

तर मग विचारा लोकांना. माणूस घाबरला की विचारतो, आणि तो राहायचा त्या सोसायटीत विचारलं की उत्तरांना तोटा नसे.

सगळ्यात आधी गाठ पडली खालच्या मजल्यावरच्या विमाकाकांशी. जन्मभर विमे विकून निवृत्त झालेला माणूस. समोरच्याला आधी घाबरवायचं आणि मग धीर द्यायचा ही सवय हाडीमासी खिळलेली. "कागद घ्या, कागद," काका म्हणाले. "खुर्चीवर बसायचं, चष्मा खाली सरकवायचा आणि म्हणायचं, दाखवा. समोरचा अर्धमेला होतो. हल्ल्याबिल्ल्याच्या नादाला लागू नका. परवानगीचा कागद एक दिवस उशिरा आला की तुम्हीच आत. आणि तुमची पेन्शन?"

"पेन्शनचं काय?"

"मी काही बोललो का?" म्हणत काका निघून गेले. फौजीने 'हल्ला' मनातल्या मनात खोडला.

मग त्याने लंबूला फोन लावला. लंबू त्याचा जुना सोबती. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडला आणि 'पहारा' घेऊन बसला होता. "अरे मजेत आहे," लंबू म्हणाला. "आपल्या संदेश केंद्रासारखंच. फक्त ओरडायला कोणी नाही."

"कोणीच नाही?"

"कोणी म्हणजे कोणी नाही. बारा तास पडदा आणि मी. परवा मीच माझ्यावर ओरडलो. जरा बरं वाटलं."

फौजीने 'पहारा'ही खोडला. तपासाबद्दल त्याने बायकोचं मत घेतलं. ती म्हणाली, "गेल्या महिन्यापासून घरात कात्री हरवली आहे. ती आधी शोधा, मग बोलू." राहिले दोन. काकांच्या शब्दाखातर कागद घ्यावा, तर एक दिवस लोकांच्या चुका मोजत बसल्याची कल्पना करून बघितली आणि त्याला जांभई आली. 'धावपळ' तर त्याने भीतीने न बघताच खोडली. म्हणजे खोडता खोडता पाचही संपले आणि हातात पहारेकऱ्याची टोपी तेवढी उरली.

"असं बसून कळतं का?" गुरुवारी संध्याकाळी बायको वैतागून म्हणाली. "करून बघा ना काहीतरी. चप्पल घेताना सुद्धा माणूस पाय घालून बघतो."

हे फौजीला पटलं. आणि इथेच घोटाळा झाला.

सोसायटीला नुकतंच नवं विजेचं फाटक बसलं होतं. बाजूला आकड्यांची पेटी. फाटक बसवणाऱ्याने सांगितलेला आकडा फक्त पहारेकऱ्याला ठाऊक. त्याने तो दाबला की फाटक गुरगुरत सरकायचं. पायी जाणाऱ्यांचं छोटं दारसुद्धा कमिटीने त्याच पेटीवर घेतलं होतं, वेगळं कुलूप कशाला, म्हणून. भिंतीवर काचांचे तुकडे रोवलेले. फौजीने ठरवलं, हल्ला एकदा करून तरी बघू. पण परवानगीशिवाय तो स्वतःच्या नाकावरची माशीही हाकलत नसे. सेक्रेटरी बॅग घेऊन गावाला निघाले होते, बस पकडायच्या घाईत. त्यांना त्याने जिन्यातच गाठून सगळी योजना सांगितली.

"बघा की," सेक्रेटरी म्हणाले आणि पळाले. सकाळी परत येणार होते.

आता, 'बघा की' ही परवानगी होते का? फौजीने यावर रात्रीच्या जेवणाला बराच विचार केला. साहेबांनी नाही म्हटलेलं नाही, म्हणजे हो, असा फौजेतला अर्थ लावला. मग फाटकासोबत आलेली माहितीपुस्तिका त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, विक्रेत्याच्या पत्त्यासकट वाचून काढली. सोसायटीत ती वाचणारा तो एकटाच.

शुक्रवार उजाडला. शेवटचा दिवस. फाटक अजून बंद होतं आणि पहारेकरी मागे पाण्याचा पंप लावायला गेला होता. फौजी पेटीसमोर उभा राहिला. कारखान्यातून येतो तो आकडा पुस्तिकेत छापलेला होता, चार शून्यं. हा कोणी ठेवणार नाही म्हणा, पण सुरुवात म्हणून बघू. त्याने चार शून्यं दाबली.

फाटक गुरगुरत उघडलं.

आनंद व्हायला हवा होता ना? फौजीचं रक्त गोठलं. म्हणजे कोणीही! कुठलाही भुरटा! गेले काही आठवडे आपण सगळे उघड्यावर झोपलो होतो! त्याने घाईघाईने फाटक लावलं. संदेश केंद्रात असं भोक सापडलं की ते आधी बुजवायचं, चर्चा नंतर. त्याने नवा लांबलचक आकडा बसवला. पुस्तिकेतली कडक सुरक्षा नावाची सोयही चालू केली. तीनदा चुकीचा आकडा दाबला तर पेटी चोवीस तास बंद. झकास. आता मुंगीसुद्धा आत येणार नाही.

मुंगी बाहेरही जाणार नाही, हे लक्षात यायला थोडा वेळ होता.

फौजेत आकडा बदलणाऱ्याने नवा आकडा सांगायचा कोणाला? फक्त आपल्या वरिष्ठाला, समोरासमोर, कानात. मग तो वरिष्ठ ठरवणार पुढे कोणाला सांगायचं. पहारेकऱ्याला संदेश केंद्रवाल्याने परस्पर आकडा सांगितला तर दोघांची वरात निघते. हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं, की दुसरं काही सुचलंच नाही. सेक्रेटरी आलेले नव्हते. त्यांच्या खालोखाल कोण? तो खजिनदारांकडे गेला. ते म्हणाले, "मी." तो उपाध्यक्षांकडे गेला. ते म्हणाले, "खजिनदार? त्या माणसाचं नाव माझ्या दारात काढू नका." पार्किंगवरून त्या दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं. फौजी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहून, ज्येष्ठ कोण, या पेचात पडला. त्याच वेळी खाली पहारेकऱ्याने पंप बंद केला, येऊन चार शून्यं दाबली, मग पुन्हा दाबली, आणि मग जरा जोर लावून पुन्हा दाबली.

पेटी किंचाळली आणि तिच्यावर लाल दिवा लागला.

पाच मिनिटांत फाटकाशी जत्रा भरली. डबे घेतलेले, दप्तरं घेतलेले, आंघोळ अर्धी टाकून आलेले. पहारेकरी लाल दिव्याकडे बघत "साहेब, रोजचाच आकडा दाबला हो," एवढंच म्हणत होता. फाटकापलीकडे हातात बॅग घेऊन रात्रीच्या बसने आंबलेले सेक्रेटरी उभे होते. त्यांना आत यायचं होतं आणि शंभर माणसांना बाहेर.

"हॅकर!" विमाकाका ओरडले. आवाजात भीती होती आणि थोडी खुशीही. "मी सांगतो, हे हॅकरचंच काम. आता मागतील खंडणी. आज फाटक घेतलंय, उद्या लिफ्ट घेतील. लिफ्ट मध्येच थांबली तर?"

लिफ्टने उतरलेल्या दोन बायका मागे सरकल्या. एक लहान मूल रडायला लागलं. आणि मग कोणाला तरी आठवलं. "अरे, आपल्याकडे फौजी आहेत ना! ते तर तेच शिकणार आहेत."

गर्दी दुभंगली आणि जिन्यातून उतरणाऱ्या फौजीला वाट करून देण्यात आली. आयुष्यात इतका मान त्याला कधी मिळाला नव्हता. आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती. डोळ्यांसमोर एकामागून एक चित्रं उभी राहिली. पोलीस. साहेबांची चौकशी. 'आणि तुमची पेन्शन?' असं विचारणारे काका. आणि सगळ्यात शेवटी, घड्याळ. कचेरी दुपारी बंद होणार, आणि पेटी उद्या सकाळी उघडणार.

"फौजी, तुम्हीच सांगा," काका म्हणाले. "कोणी केलं असेल?"

फौजीने नुसता डोक्याला हात लावला. तो खोल विचारात आहे असं वाटून लोक आदराने गप्प झाले.

तेवढ्यात गर्दीतून गाडीचा हॉर्न वाजला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी काच खाली केली. त्या कधी आवाज चढवत नसत. आत्ताही चढवला नाही. "हॉस्पिटलमध्ये एक बाळंतीण अडली आहे," त्या म्हणाल्या. "मला जायलाच हवं. कोणी काही करणार आहे का?"

कोणी काही करेना. पण कोणाला तरी धरलं पाहिजे असं सगळ्यांनाच वाटायला लागलं. काकांची नजर पहारेकऱ्यावर गेली. "रात्री इथे कोण होतं? हाच! आकडा कोणाला माहीत होता? यालाच! किती घेतलेस रे?"

"काका, देवाशपथ..." पहारेकऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. खजिनदार म्हणाले, आजच्या आज काढा याला. उपाध्यक्ष म्हणाले, काढाच. वर्षभरात दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

फौजीने पहारेकऱ्याकडे बघितलं. आणि आतल्या आत काहीतरी झालं. काय झालं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. भीती गेली नाही. पण हात मोकळे झाले. संदेश केंद्रात एकदम सगळी यंत्रं बंद पडली की असंच व्हायचं. बाकीचे धावायचे, ओरडायचे, आणि याच्या डोक्यात एकदम शांत होऊन जायचं. आधी काय? आधी ती बाई बाहेर.

"बाजूला व्हा," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण त्याने तो बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. "सेक्रेटरीसाहेब, तुमच्या जुडग्यात एक तिकोनी किल्ली आहे. फाटकाबरोबर आलेली, पुस्तिकेत चित्र आहे तिचं. गजांतून द्या. काका, मुलांना मागे घ्या. खजिनदार आणि उपाध्यक्ष, दोघं इकडे या, फाटकाला हात लावा. मी सांगेन तेव्हा ढकलायचं. एकत्र."

आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. फौजीने फाटकाच्या मोटरचं झाकण उघडलं, किल्ली आतल्या खाचेत घालून अर्धी फिरवली. खट्. वीज, आकडा, लाल दिवा, सगळ्याचा संबंध सुटला. "ढकला!" वर्षभर न बोललेले दोघं खांद्याला खांदा लावून कण्हले, आणि फाटक मुकाट्याने सरकलं. डॉक्टरीणबाईंची गाडी सुसाट निघून गेली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता इथे थांबायला हरकत नव्हती. शहाणा माणूस थांबला असता, हसून मान डोलवली असती आणि घरी जाऊन चहा प्यायला असता. पण पहारेकरी अजून भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

"त्याने काही केलेलं नाही," फौजी म्हणाला. "आकडा मी बदलला."

टाळ्या थांबल्या. फौजीने सगळं सांगितलं. चार शून्यं, पुस्तिका, कडक सुरक्षा, आणि वरिष्ठ कोण ते न कळल्यामुळे कोणालाच न सांगितलेला आकडा. सांगता सांगता घामाने शर्ट पाठीला चिकटला. मग तो पहारेकऱ्यापुढे जाऊन उभा राहिला. "माझ्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं. माफ करा." शेवटी त्याने बायकोकडे बघायचं धाडस केलं. ती गर्दीच्या कडेला, हाताची घडी घालून उभी होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, आणि तेच जास्त भीतिदायक होतं.

सेक्रेटरींनी बॅग खाली ठेवली. "म्हणजे इतके दिवस चार शून्यं होती?" ते पुटपुटले. ती त्यांनीच बदलायची राहून गेली होती, हे हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, आणि ते दुसऱ्या कोणाच्या लक्षात यायच्या आत ते मोठ्याने म्हणाले, "वा! याला म्हणतात कर्तव्यदक्षता!"

"मी म्हणतच होतो," काका म्हणाले. त्यांनी नेमकं काय म्हटलं होतं ते विचारायची कोणाची टाप नव्हती. "मी सुचवतो, फौजींना आपणच ठेवून घ्यावं. सोसायटीचे सुरक्षाप्रमुख! केबिन, पंखा, खुर्ची. फाटक तुमच्या ताब्यात. कुठला कोर्स नको, परीक्षा नको, निवडानिवड नको. काय म्हणता?"

सगळे एकदम बोलायला लागले. उत्तम! अगदी उत्तम! घराच्या दारात नोकरी! उद्यापासून या!

उद्यापासून या. हा तर हुकूमच होता. फौजीच्या अंगातून गोड शिरशिरी गेली. कोणीतरी सांगितलं, आपण करायचं. कचेरीत जायला नको, त्या कारकुनासमोर उभं राहायला नको, काय आवडतं ते शोधायला नको. टाचा आपोआप जुळल्या. 'हो साहेब' ओठांवर आलं. ते शब्द त्याने इतक्यांदा म्हटले होते, की ते त्याच्या मदतीशिवायच बाहेर पडत असत.

त्याने बायकोकडे बघितलं. तिने तोंड उघडलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे, पण ती गप्प राहिली आणि वाट बघत राहिली.

"नाही," फौजी म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला की काकांनी कानाला हात लावला. "काय म्हणालात?"

"नाही," तो पुन्हा म्हणाला. कोणीतरी आता खांद्यावर हात ठेवून चौकीत घेऊन जाईल असं वाटत होतं. पण तसं काही झालं नाही. "तुम्ही आपुलकीने म्हणताय, ते कळतं मला. पण मला ते नको आहे. मला कचेरीत जायचंय. वाट सोडा."

लोकांनी वाट सोडली. त्याला अर्ध्या रस्त्यात कळलं की पायात घरातल्याच चपला आहेत. छावणी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, दोन बस बदलत तसाच गेला. कारकून डबा उघडायच्या बेतात होता. फौजीला बघून त्याने झाकण परत लावलं. "'कागद' घ्या," तो डोळे मिटून म्हणाला. "सगळे तेच घेतात. सोपं आहे."

"नाही," फौजी म्हणाला. यावेळी जरा सोपं गेलं. "धावपळ."

"विचार करून सांगताय ना? ते अवघड असतं. सगळं कोसळलेलं असतं, लोक ओरडत असतात. भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण बाकीच्या चार ठिकाणी नुसतीच भीती वाटते. इथे हात चालतात."

कारकुनाने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि नोंद केली. झालं. वीस वर्षांतला पहिला निर्णय, आणि छत कोसळलं नाही.

घरी आला तर बायको स्वयंपाकघरात होती. "डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता," ती पाठमोरीच म्हणाली. "मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत." मग ती वळली. डोळे लाल दिसत होते. "काय घेतलंत?"

त्याने सांगितलं. "लग्नाच्या वेळी तुम्हाला कोणी विचारलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही काय म्हणाला असतात, याची मला इतकी वर्षं भीती वाटायची. तुम्ही कधी काही निवडलंच नाहीत ना."

"हो म्हणालो असतो," फौजी कसाबसा म्हणाला. "कोणी न सांगता."

तिने पदराने डोळे टिपले, नाक ओढलं आणि गॅसकडे वळली. "चहा ठेवू?"

"नाही," फौजी ऐटीत म्हणाला.

आणि मग तो खुर्चीत बसून राहिला. सकाळपासून पोटात घोटभर पाणीही नव्हतं, जीव चहासाठी कासावीस झाला होता, आणि आता हे 'नाही' मागे कसं घ्यायचं, या विचाराने त्याला पुन्हा दरदरून घाम फुटला.